फोडणीचा भात

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दरवर्षी एक लहानसे संकट उभे राहते. चिवड्याच्या फोडणीला कढीपत्ता हवा असतो, आणि नेमका त्याच सुमारास गॅलरीतल्या डब्यातल्या कढीपत्त्याचा खराटा झालेला असतो. यंदाही तेच झाले. सूनबाई ताटली घेऊन गॅलरीत गेली आणि रिकामी ताटली घेऊन परत आली.

"बाबा, आपल्याआधीच कुणीतरी फराळ उरकलाय," ती म्हणाली.

मी चष्मा लावून पाहायला गेलो. उरल्यासुरल्या पानांवर सात अळ्या होत्या. धाकट्या काळपट, पाठीवर पांढरा डाग, अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या; थोरल्या हिरव्यागार आणि गुबगुबीत. नातवाने एकीला काडी लावली तशी तिने मान मागे टाकली आणि डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर काढले. उग्र वास सुटला. नातू दोन पावले मागे सरला आणि मग, मुलांच्या रीतीप्रमाणे, पुन्हा काडी लावू लागला. लिंबावरच्या फुलपाखराची ही पोरे. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले हे फुलपाखरू पावसाळ्यात मुंबईत कुठेही दिसते. लिंबू, बेल, कढीपत्ता अशा एकाच कुळातल्या झाडांवर ते अंडी घालते. कढीपत्त्याला आमच्या आज्या कढीलिंब म्हणत. पाने दिसायला कडुलिंबासारखी, पण झाडाचे गोत्र लिंबू-संत्र्याचे, आणि ही गोष्ट त्या फुलपाखराला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

"औषध मारू का?" सूनबाईने विचारले.

"नको. बाजारातून आणतो मी दोन जुड्या."

"तुमचं दरवर्षी हेच," ती म्हणाली आणि आत गेली.

वाचक समजतील की हा मनुष्य अहिंसावादी दिसतो. तसे काही नाही. झुरळ दिसले की मी आजही या वयात चपलेचा नेम चुकू देत नाही. पण त्या डब्याची गोष्ट वेगळी आहे. तो डबा माझ्या आत्याचा.

आमचे घर माझगावात, भंडारवाड्याच्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर पाण्याचा साठा आहे आणि त्याच्यावर बाग. बागेतून गोदी दिसते, यारी दिसतात, दुरुस्तीला आलेल्या बोटींची धुराडी दिसतात. या गावचे आंबे एके काळी फार नावाजलेले होते म्हणतात. माझ्या लहानपणी त्या आमरायांचे नाव तेवढे उरले होते. १९५७ साली, मी नऊ वर्षांचा असताना, आत्या एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. नवऱ्याने टाकले होते. त्या काळी हे क्रियापद माणसाच्या बाबतीत सर्रास वापरीत, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नसे. आल्यावर पंधरा दिवसांत तिने कुठून तरी कढीपत्त्याचे रोप आणले आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात लावले. आज जे झाड आहे ते त्या झाडाच्या मुळातून फुटलेल्या पिल्लाचे पिल्लू. अळ्या तेव्हाही येत. आई त्या झाडूने पाडून चिरडायला निघे, आणि आत्या आडवी येई. "खाऊ दे गं वहिनी. झाड पुन्हा फुटतं," एवढेच तिचे म्हणणे.

ती आमच्याकडे एकतीस वर्षे राहिली. १९८८ साली गेली. तेराव्याच्या दिवशी मंडळी जमली होती, तेव्हा मी, शाळेत शास्त्र शिकवणारा, चार शब्द बोलायची सवय असलेला पुतण्या, तिच्याविषयी बोललो. म्हणालो, "आत्याने आयुष्यात विषाचे पेले घेतले, पण सगळे पचवले." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक वयोवृद्ध गृहस्थ मला जिन्यापर्यंत येऊन म्हणाले, फार सुंदर बोललात. मलाही तसेच वाटले होते.

"पचवणे" हा आपल्या भाषेतला मोठा मानाचा शब्द आहे. अन्न पचवतात, तसा अपमान पचवतात, दुःख पचवतात, पराभव पचवतात. ज्याला पचत नाही तो आपल्या लेखी उथळ. एखादी बाई सासरचा छळ मुकाट सोसते तेव्हा शेजारीपाजारी तिच्या पचनशक्तीचे कौतुक करतात. छळ करणाऱ्याच्या हातांविषयी बोलणे मात्र अशा वेळी ओघात राहून जाते. मी जन्मभर हा शब्द त्याच अर्थाने वापरला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, आणि गॅलरीतल्या अळ्यांच्या निमित्ताने मी विष खरोखर पचवतात म्हणजे काय करतात ते वाचू लागलो. तेव्हापासून माझे ते तेराव्याचे भाषण मला टोचू लागले आहे.

मूळ गोष्ट अशी की झाडाला पळता येत नाही. गाईने तोंड लावले की शेळी पळेल, ससा पळेल, झाड जागीच. म्हणून ते रसायने करते. लिंबाच्या कुळातल्या पुष्कळ झाडांत फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये असतात. ती पेशीतल्या आनुवंशिक धाग्यात जाऊन बसतात आणि ऊन पडले की तिथे घट्ट चिकटतात. धागा जखडला की पेशीचे काम थांबते. भर उन्हात लिंबे पिळून हात न धुणाऱ्याच्या कातडीवर कधी कधी भाजल्यासारखे डाग उठतात, ते याच गोष्टीमुळे. आपल्या वैद्यांनी कोडावर बावची देऊन रोग्याला उन्हात बसवण्याची युक्ती काढली, तीही याच जातीच्या द्रव्यावर चालते. फार दिवस शास्त्रज्ञ असल्या द्रव्यांना झाडाचा केरकचरा समजत. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी ठासून मांडले की हा कचरा नव्हे, ही झाडाची हत्यारे आहेत.

त्यांच्याच इलिनॉय विद्यापीठात पुढे मे बेरेनबाउम या विदुषींनी अळ्यांवर मोठे काम केले. १९७८ साली त्यांनी लष्करी अळीच्या एका जातीला यातले एक द्रव्य खाण्यातून दिले, अळ्या मेल्या. पण आमच्या लिंबावरच्या फुलपाखराचे अमेरिकेत एक चुलत भावंड आहे, ते गाजर-शेपूच्या कुळातली झाडे खाते, आणि त्या झाडांतही हेच विष असते. त्या अळीला काही होत नाही. तिच्या आतड्यात सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरे आहेत. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. विकराच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो, आपल्या रक्ताच्या लाल रंगात असतो तसा. ते विकर हवेतल्या प्राणवायूचा एक अणू घेते आणि विषाच्या रेणूला चिकटवते. रेणूची घडण मोडते, तो पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. विषाचा घास पोटात आला की अळी ही विकरे आणखी जास्त बनवू लागते. अशा रीतीने ती खात जाते, पचवत जाते, आणि झाडाचा खराटा होतो.

हीच विकरे आपल्या यकृतात आहेत. माणसाजवळ त्यांचे सत्तावन्न प्रकार आहेत, आणि आपण घेतो त्या औषधगोळ्यांपैकी पुष्कळशा गोळ्या त्यांच्याच हाताखालून जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूटचा रस घेऊ नका म्हणून डॉक्टर बजावतात, ते का, हे कळल्यावर मला हसू आले. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या वंशातले फळ. त्यातली फ्युरॅनोकुमॅरिने आपल्या आतड्यातल्या या विकराला निकामी करतात आणि गोळी रक्तात नको तितकी चढते. झाडाने नेम धरला तो पाने खाणाऱ्यावर, आणि लागला सकाळी न्याहारीला बसलेल्या पेन्शनराला.

पचवण्यात सोसण्यापेक्षा मेहनत किती आहे, हे मला यातून प्रथम दिसले. त्याला सामग्री लागते, ती अंगातूनच काढावी लागते. आणि दुसरी एक गोष्ट दिसली, ती जास्त जिव्हारी लागली. लिंबावरची अळी उचलून शेजारच्या आंब्याच्या पानावर ठेवा. पाने हिरवीगार असतील, पण ती तिथे उपाशी मरेल. ज्या विषाशी तिच्या कुळाची पिढ्यानपिढ्या गाठ पडली, त्याच्याच आसऱ्याला ती कायमची राहिली. त्या विषाचा वास ही तिची जेवणाची खूण झाली.

१९६२ साली पुण्याच्या एका नातेवाइकांनी आत्यासाठी काम आणले होते. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे, राहायला खोली, जेवण, वर पगार. आत्या दोन दिवस विचार करीत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नको रे बाबा. मला आता इथलंच पचतं." आम्ही सगळे गहिवरलो. केवढा हा जीव आमच्यावर! तिच्या वाक्याचा सरळ अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही, माझ्या तर नाहीच. मी चौदा वर्षांचा होतो आणि ती गेली असती तर माझ्या शर्टांना बटणे कुणी लावली असती हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

इथे स्वतःलाच एक टोला हाणून ठेवतो. कीटकांवरून माणसांना धडे देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मुंगी उद्योगी, मधमाशी निःस्वार्थी, वगैरे. शाळेत मीही ते धडे शिकवले आहेत. मुंगीला उद्योगाची कल्पना नसते आणि अळीला सोशिकतेची नसते. तिथे पाप नाही, पुण्य नाही, कुणाचा हेतू नाही. तेव्हा अळीने मला काही शिकवले असे मी म्हणणार नाही. भाषेने दोन्हीकडे एकच शब्द दिला, म्हणून मी तो उलटून पाहू लागलो, इतकेच.

उलटून पाहताना मला आत्याचेच एक वाक्य आठवले. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसून म्हणालो होतो, "आत्या, तू सगळं पचवलंस गं." ती म्हणाली, "पचवलं कुठं रे? ठेवलंय." आणि भिंतीकडे कूस वळवली. तेव्हा मला वाटले, तापात बोलते आहे. आता वाटते, ती माझ्यापेक्षा अचूक शास्त्र बोलत होती. कारण ठेवणारेही कीटक असतात. शनिवारी आपण मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांची एक अळी असते. तिचे पुढे तांबूस-केशरी फुलपाखरू होते. रुईच्या चिकात हृदयावर आघात करणारे विष आहे. ही अळी ते मोडण्याच्या खटपटीत न पडता अंगात साठवते, आणि पंख फुटल्यावरही ते तिच्या अंगात असते. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा जात नाही. माणसाच्या बाबतीत मात्र साठवलेल्याचा रंग बाहेरून दिसत नाही. आत्याचे नेसणे नेहमी पांढरट, फिकट.

पण हे सगळे अजून भाषणाच्याच वाटेने चालले आहे. आत्याच्या सोसण्याचे वर्णन जरा बारकाईने केले, एवढाच फरक. जे खरे सांगायचे आहे ते मी पुढे ढकलतो आहे, हे मला समजते आहे.

आमचे वडील वाईट नव्हते. बाहेर तर ते देवमाणूस म्हणून ओळखले जात. ते एका जहाज कंपनीत कारकून होते. वरचा साहेब सर्वांदेखत वाटेल ते बोले, आणि वडील ते निमूट ऐकून घेत. लोक म्हणत, यांच्यासारखे पचवावे. पहिल्या तारखेला पगार झाला की रात्री जेवणाआधी ते चटईवर पैसे मांडून मोठ्याने हिशेब करीत. वाण्याचे इतके, दुधाचे इतके, भाडे इतके, आणि मग जरा थांबून, "आणि हे एक तोंड जास्तीचं." आत्या तिथेच स्टोव्हजवळ बसलेली असे. मला वाटते साहेबाकडून घेतलेले जे काही होते ते वडिलांच्या आत गेल्यावर असे होऊन बाहेर पडे. चिवड्यातला बुरसटलेला शेंगदाणा आपण वेचून टाकतो तो याचसाठी. त्या बुरशीचे विष असते तसे फारसे घातक नसते. आपले यकृतच, त्याच पी-४५० विकरांनी, ते मोडायला जाते आणि मोडता मोडता त्याचे पहिल्यापेक्षा भयंकर रूप तयार करते.

हिशेबाच्या त्या रात्री आत्या म्हणे, "आज मला भूक नाही." आणि भात तसाच ठेवून गॅलरीत जाऊन डब्याला पाणी घाली.

पहिल्यांदा घर हादरले होते. मला पक्के आठवते. आई रडली, वडील उठून गॅलरीत गेले, पण काही न बोलता परत आले आणि स्वतःही अर्धपोटी उठले. पुढचे दोन महिने ते शेवटचे वाक्य आले नाही. मग एकदा आले. आत्या पुन्हा उपाशी राहिली. या खेपेला आई रडली नाही, फक्त दोनदा आग्रह केला. वर्षभराने एकदाच. तीन वर्षांनी पहिल्या तारखेच्या रात्री आई आत्याच्या भातावर शांतपणे झाकण ठेवी आणि म्हणे, "असू दे, उद्या फोडणीचा भात होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरी, हिंग, मिरची आणि डब्यातला कढीपत्ता घालून तो भात परतत. मी तो खाऊन शाळेत जाई. मला तो फार आवडे. महिन्याच्या दोन तारखेची मी वाट पाहत असे.

आता हरभऱ्याची गोष्ट सांगतो. पहाटे हरभऱ्याच्या शेतात गेलात तर झाडांच्या बारीक लवेवर आंबट दव असते. शेतकरी त्यावर फडके पसरून आंब गोळा करतात. तो आंबटपणा हे त्या झाडाचे एक हत्यार. दुसरे दाण्यात असते. त्यात अशी प्रथिने आहेत की ती खाणाऱ्याच्या आतड्यातल्या पाचक विकरांना पकडून धरतात; खाल्लेले अंगी लागत नाही. बेसनाच्या लाडवाला पीठ मनापासून भाजावे लागते. त्या आचेत या प्रथिनांचा जोर पुष्कळसा मोडतो. घाटेअळीजवळ शेगडी नाही, तरी ती कच्चा घाटा पोखरून आरामात वाढते. १९९८ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की घाटेअळीच्या आतड्यातली विकरे ही अडवणारी प्रथिनेच तोडून टाकू शकतात. झाडाने हाताला बेडी घालावी आणि चोराने ती बेडीच चावून खावी, असा प्रकार. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. घाटेअळी ज्या झाडांवर नेहमी जगते, त्या हरभरा, तूर, कापूस यांची अडवणूक तिच्यावर फारशी चालत नाही. पण ज्यांच्याशी तिचा नेहमीचा संबंध नाही अशा भुईमुगाची, चौधारी घेवड्याची, बटाट्याची प्रथिने दिली तर तिचे पचन बिघडते आणि वाढ खुंटते.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षे मी आत्याला पचवणारी समजत होतो. तिची जागा झाडाची होती. डब्यात लावलेले, हलता न येणारे झाड. तिच्याजवळ तिचे म्हणून जे एकुलते एक कडू पान होते, न जेवण्याचे, ते तिने पुढे केले; आणि पचवले ते आम्ही. पहिल्यांदा बाधले, दुसऱ्यांदा कमी बाधले, आणि तिसऱ्या वर्षी तर आम्हाला त्याची चव लागली. तिच्या उपासाला फोडणी देऊन आम्ही तो खाल्ला.

आईलाही मी वाईट म्हणत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे सांभाळायची म्हणजे कुणाचे तरी बोलणे वाढू न देणे हेच तिचे संसारशास्त्र होते. आत्या कधी तोंड उघडू लागली की आई अचूक त्याच क्षणी म्हणे, "अगं, दूध बघ, उतू जाईल." मोहरीवर जगणाऱ्या एका किड्याचे असेच आहे. मोहरी फेसताना बायकांना ठाऊक असते की कोरडा दाणा नाकात जात नाही. वाटून पाणी लागले की झणका उठतो. दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात, चिरडल्यावर ते एकत्र येतात आणि भडका होतो. कोबी-मोहरीवर जगणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, दोन्ही एकत्र येण्याआधीच, एका विकराने त्यातल्या एकाचा तुकडा कापून टाकते. मग भडका होतच नाही. २००२ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हे शोधून काढले. आमच्या घरी १९५८ पासून चालू होते.

आणि चौधारी घेवडाही आमच्याकडे होता. आमच्या मजल्यावर एक गोमंतकीय ख्रिस्ती बाई राहत. आम्ही त्यांना आंटी म्हणत असू. म्हातारपाखाडीत त्यांचे नातलग होते, आणि नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्यांसारखी नेवऱ्यांची ताटली येई. एकदा, १९६० च्या सुमारास, दोन तारखेच्या सकाळी त्यांनी नळावर वडिलांना गाठून आपल्या मोडक्या मराठीत विचारले, "तुमचा बहीण दर महिना एक दिवस जेवत नाही. का?" बस, एवढेच. वडील घरी आले ते पांढरेफटक होऊन. त्यानंतर किती तरी महिने पहिल्या तारखेचा हिशेब मनातल्या मनात झाला. ज्या प्रश्नाला घरात कुणी भीक घातली नव्हती, तो बाहेरून आल्यावर बाधला. दुर्दैवाने आंटी पुढच्या पावसाळ्यात मुलाकडे वांद्र्याला राहायला गेल्या.

म्हणून विचारतो, पचवणे हा सद्गुण कुणाचा? विष ज्याला दिले जाते त्याचा म्हणावा, तर त्याचा खर्च त्याच्या अंगातून जातो, आणि ज्याने द्यायचे तो देतच राहतो. पण मला अधिक भीती दुसऱ्या पचनाची वाटते. जवळची माणसे एकमेकांच्या तक्रारींना सरावतात, त्या पचनाची. त्यात दुष्टपणा नसतो. उलट जेवढे नाते जवळचे, जेवढा सहवास जुना, तेवढी ही शक्ती जास्त. "तिचं काय मनावर घ्यायचं, ती तशीच बोलते" हे वाक्य कुणी परक्या माणसाबद्दल म्हणत नाही.

कढीपत्त्याच्या जुड्या घेऊन मी बाजारातून परत आलो. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. डॉकयार्ड रोडवर उतरून, जिने चढून येते ती दारातच म्हणते, "दमले हो आज." हे ती रोज म्हणते. मुलगा बोटीवर असतो. आठ आठ महिने घरी नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती "दमले" म्हणाली की मी उठून पाणी देत असे. पाणी देणे कधी बंद झाले ते मला सांगता येणार नाही.

तिने पातेल्यात तेल टाकले, मी पोहे चाळून दिले. नातू गॅलरीत अळ्यांना शुभरात्र करायला गेला होता. शेंगदाणे तळता तळता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं जेवून घ्या. मला भूक नाहीये आज."

"का गं?" मी विचारले.

तिने झारा हातात धरून माझ्याकडे जरा चमकूनच पाहिले. "काही नाही, असंच," ती म्हणाली. मी स्टूल ओढून तिथेच बसलो आणि पुन्हा विचारले. मग ती बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. शेंगदाणे त्या दिवशी करपले, आणि पोहे दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालावे लागले.